मालकानं गायचं नसतं

...तर कबेनाच्या तोंडात बॅमीचा अख्खा चतकोर कोंबलेला होता, इथवर आपण काल आलो होतो. बॅमी, म्हणजे आपली कसाव्याची जाड भाकरी, गार झाली की खेटराच्या तळासारखी होते. ती काही त्यानं हौसेनं तोंडात धरली नव्हती. त्याच्या बायकोनं, मिंबानं, ती कोंबली होती आणि वर दम भरला होता, "चावायची नाही, गिळायचीही नाही. दिवस मावळेस्तोवर अशीच धरून ठेवायची."

"ऊं ऊं," कबेना म्हणाला.

"तहान लागली तर माझ्यासमोर येऊन प्यायचं. मी बघते तोंड पुन्हा बंद होतंय का."

कारण त्याचं तोंड मोकळं राहिलं असतं तर तो गायला असता. आणि ज्याच्या शेतात खणणी असते त्यानं त्या दिवशी गायचं नसतं, हे आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शेजारीपाजारी आपापल्या कुदळी घेऊन येतात, फुकट राबतात, उद्या तुम्ही त्यांच्याकडं जाता. मालकानं स्वयंपाक बघायचा, आल्याचं पाणी फिरवायचं, दगड वेचायचे. गाणारा लोक निवडतात. कुदळ गाण्याच्या तालावर पडते, आणि ताल मालकाच्या हातात गेला तर तो दुसऱ्याच्या कमरेतून आपलं काम उपसणार, म्हणून हा रिवाज. चांगला रिवाज आहे. पण कबेनाला गाऊ नको म्हणणं म्हणजे कोंबड्याला पहाटे गप्प बस म्हणण्यातला प्रकार.

बावीस वर्षं त्यानं दुसरं केलं काय होतं? कबेना जन्मला मंगळवारी, म्हणून नाव कबेना. साल कुणी लक्षात ठेवलं नाही. त्याची आई म्हणायची, "वार पुरे आहे. साल घेऊन तुला कुठं जायचंय?" आणि खरंच, जायचं कुठंच नव्हतं. साखरेच्या मळ्यात जन्मलेला माणूस मळ्याचाच, जसा बैल मळ्याचा, जशी कढई मळ्याची. मिसरूड फुटली तशी त्याला पहिल्या टोळीत घातला. उसाचे खड्डे खणणारी टोळी ती. चाळीस माणसं एका ओळीत, चाळीस कुदळी एकदम वर, एकदम खाली, मागं आसूडवाला, आणि पलीकडं खेचरावर बसलेला गोरा मुकादम. त्याला सगळी बुशा म्हणत. बुशाच्या लवकरच ध्यानात आलं की कबेना गायला लागला की कुदळी न सांगता चालतात. तेव्हापासून कबेना ओळीच्या मधोमध.

आता बुशाला वाटायचं की गाणं त्याच्यासाठी चाललंय. कबेनाची दोन गाणी होती. एक बकरीचं. चटपटीत, दमछाक करणारं. "बकरीनं खाल्ली पाद्रीची टोपी," असं हा म्हणायचा, आणि चाळीस जण, "धर तिला, धर!" आणि दुसरं आजीचं. "आजी गं आजी, हंडीपाशी पेंगलीस," आणि चाळीस जण, पार गळ्यातून उतरल्यासारखे, "पेंगू दे तिला..." बुशाचं खेचर उसाच्या कडेला दिसलं रे दिसलं की कबेना बकरी सोडायचा, माना खाली, कुदळी धडाधड. खेचर वळणाआड गेलं की आजी. आजीच्या गाण्याला कुदळ उचलायची तेवढी, पाडायची नाही. कुणी बसून घ्यायचं, कुणी पायातला काटा काढायचा, कुणी पोराला पाजायचं. एकदा बुशानं कौतुकानं विचारलंही होतं, "कबेना, हे टोपीचं गाणं मी आलो की नेमकं कसं लागतं?"

"बुशा, तुम्हाला बघून उल्हास येतो."

बुशा महिनाभर खूष होता.

एकदाच चुकला. अंगात ताप होता, आजी गाता गाता हा कुदळीवर मान टाकून उभ्या उभ्या झोपला, आणि बुशा नेमका त्या दिवशी दुसऱ्या बाजूनं आला. बकरी आली नाही. जूबा नावाची बाई तेव्हा बांधावर बसून पायात घुसलेला काच काढत होती. आसूड तिच्या खांद्यावर बसला, एकदा नाही, चारदा. त्यावर जूबा कबेनाला काही म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, पुढं अकरा वर्षं नाही. कबेना मात्र मिंबाला म्हणायचा, "ती शिव्या देईल तर बरं होईल गं."

गाणी सोडली तर मळ्यावर त्याचं असं म्हणावं ते एकच, डोंगरातला तुकडा. सगळ्यांना असायचा, शनिवार-रविवारी तिथं राबायचं आणि आपलं पोट आपण भरायचं, बुशाला तेवढं खायला घालायचं वाचायचं. कबेनाचा तुकडा त्याच्या आईचा. तिथं तिनं पिवळं कोनफळ लावलेलं. बाकीच्यांकडं पांढरं, तांबडं; पिवळं तिच्याकडंच. उकडलं की अंड्याच्या बलकासारखं. तिची खणायची रीत अशी, की शेजारून माती उकरायची, खालचं कोनफळ कापून घ्यायचं, आणि वरचं डोकं तसंच मातीत ठेवून द्यायचं. म्हातारी गेली, डोकं तिथंच. दर साली नवं कोनफळ धरायचं. मिंबा म्हणायची, "सासूबाई अजून जेवायला घालतायत."

मग ते ऑगस्टचं पहिलं, गुलामी सुटायचं. आधी चार वर्षं 'उमेदवारी' नावाचा एक खेळ झाला. तुम्ही मोकळे, पण काम तेच, ठिकाण तेच, बुशा तोच. ती चार सरली आणि खरंखुरं मोकळं व्हायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी कबेनानं जाहीर केलं, "उद्या ऊन तळपायाला चटका देईस्तोवर मी उठणार नाही. कामावर बोलवायचा शंख ज्याला फुंकायचा त्यानं फुंकू दे." पहाटे शंख वाजलाच नाही. पण शंखाच्या वेळेला कबेनाचे डोळे टक्क उघडले, आणि भानावर आला तेव्हा तो कुदळ घेऊन अंगणात उभा होता. लाजून इकडंतिकडं बघतो, तर शेजारी ब्रिस्टल कुदळ घेऊन उभा. पलीकडं जूबा कुदळ घेऊन उभी. सगळी आळी उभी.

"मी... पाऊस येतोय का बघत होतो," कबेना म्हणाला.

"मीपण," ब्रिस्टल म्हणाला. "नाही येत."

"मग निजा की!" जूबा ओरडली, आणि सगळी हसत हसत परत आत गेली. झोप मात्र कुणाला लागली नाही.

ब्रिस्टल म्हणजे गाव नव्हे, म्हातारा. जुन्या मालकाला माणसांना विलायतेतल्या गावांची नावं द्यायची खोड होती, त्यामुळं आपल्याकडं एक ब्रिस्टल होता, एक ग्लासगो होता, आणि यॉर्क नावाचा बैल होता.

मोकळं झाल्यावर बुशानं नवा हिशेब काढला. झोपडीचं भाडं द्या, डोंगरातल्या तुकड्याचं द्या, नवऱ्यानं वेगळं, बायकोनं वेगळं, नाहीतर मळ्यावर म्हणेन तितके दिवस या. मिंबा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि बकरीचं? ती पण आमच्याबरोबर निजते." तिथंच बोलणं मोडलं. आठ दिवसांत निघा म्हणून सांगितलं, आणि सातव्याच दिवशी डोंगरातल्या तुकड्यात गुरं सोडली. कबेनाला बातमी लागली तेव्हा त्यानं झोपडी सोडली, भांडी सोडली, डोंगर गाठला आणि गुरांच्या पायांतून खणून काढली कोनफळांची डोकी. एकशे वीस निघाली. राखेत घोळवली, केळीच्या सोपटात गुंडाळली, टोपलीत भरली. लोक बिछाने घेऊन मळ्यातून निघाले, हा टोपली घेऊन.

पाद्रीबाबांनी मध्ये पडून लोकांना एक ओसाड टेकडी मिळवून दिली होती. सगळ्यांनी मिळून तिथं वाडी वसवली. पाद्रीबाबांना तिला बायबलातलं नाव द्यायचं होतं, पण पहिल्या दिवशी चढ चढून ब्रिस्टल धापा टाकत म्हणाला "आलोच की!" आणि तेच नाव पडलं. आलोच-की. जमीन कसली, दगडांची रास आणि मध्ये तांबडी माती. कोनफळाला गुडघाभर मऊ मातीचा ढीग लागतो. एकट्यानं एकशे वीस ढीग घालायचे म्हणजे पंधरा-वीस दिवस, आणि डोकी तर मातीबाहेर येऊन तीन आठवडे झालेली. कबेना रोज सोपट उलगडून बघायचा. सुरकुतायला लागली होती. आणखी आठ दिवस गेले असते तर चुलीत घालायच्या लायकीची उरली असती, आणि दुसरी आणायला जागा जगात नव्हती.

म्हणून त्यानं शनिवारी खणणी बोलावली. आली पंचवीस माणसं. मिंबानं खारा मासा नारळाच्या दुधात आटवलेला, उकडलेली कच्ची केळी, परातभर बॅमी. गायला लोकांनी ब्रिस्टलला उभं केलं. आणि इथं आपण बॅमीपाशी परत आलो.

ब्रिस्टलचं गाणं म्हणजे एक ओळ, दोन खोकले. ओळ सुरू झाली की कुदळी वर जायच्या आणि तो खोकत असेस्तोवर वरच थांबायच्या. ग्लासगो म्हणाला, "बाबा, माझे हात आभाळात राहिलेत, खाली उतरवा." दुपार झाली तरी ढीग एकोणीस. कबेना पाण्याची घागर घेऊन ओळीच्या मागं फिरत होता आणि मोजत होता. एकोणीस. मग वीस. मग ब्रिस्टलला तंबाखू हवी झाली. टोपली सावलीत होती, पण सावली सरकत होती, आणि कबेना दर चार पावलांना टोपलीकडं बघत होता. शेवटी त्याचा जबडाच त्याच्या हाती राहिला नाही. मिंबा चुलीकडं वळली तेवढ्यात त्यानं बॅमी थुंकली, आणि गळ्यात जे सगळ्यात वर होतं ते बाहेर आलं.

"बकरीनं खाल्ली पाद्रीची टोपी!"

"धर तिला, धर!"

आणि काय सांगू! पंचवीस माना एकदम खाली. पंचवीस कुदळी. माती उडतेय, ठिणग्या उडतायत, दगड बांधापलीकडं जातायत. ब्रिस्टलनं पेटती चिलीम काखेत लपवली आणि अंगरखा जळायला लागला तरी खणतोच आहे. कुणी वर बघत नाही, कुणी श्वास टाकत नाही. बघता बघता नऊ ढीग. कबेनाचे डोळे मिटलेले, सूर लागलेला. बावीस वर्षांत असा लागला नव्हता.

मग जूबानं, मान न उचलता, डोळ्याच्या कोपऱ्यातून वाटेकडं पाहिलं. वाट रिकामी. दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथंही काही नाही. ती हळूहळू उभी राहिली.

"कुठाय रे तो?"

कुदळी थांबल्या. सगळी वर बघायला लागली. कबेनानं डोळे उघडले.

"कुठाय खेचर? कुणासाठी गायलास?"

"जूबा, माझं तोंड... मला कळलंच नाही..."

"आम्हाला कळलं. पाठीला कळलं." तिनं कुदळ खांद्यावर टाकली. "माझ्यासाठी ज्या दिवशी गायचं त्या दिवशी झोपलास. आणि आज स्वतःच्या ढिगांसाठी जागा आहेस होय?"

अकरा वर्षांनी आली ती शिवी, पण कबेनाला वाटत होतं तसं बरं काही वाटलं नाही. ग्लासगोनं कुदळ उचलली. ब्रिस्टलनं अंगरख्याचं भोक दाखवलं आणि तोही निघाला. एकेक करून ओळ मोडली. मिंबा चुलीपाशी पळी हातात धरून उभी.

गयावया करावी तर कशाच्या जोरावर? रिवाज त्यानंच मोडला होता. लोक पाठमोरे झालेले, ढीग अठ्ठावीस-एकोणतीस, टोपली उन्हात आलेली. कबेना होता तिथं मातीत खाली बसला आणि त्याला दुसरं जे एक येत होतं ते गायला लागला.

"आजी गं आजी, हंडीपाशी पेंगलीस..."

लोक चालतच राहिले. त्यानं परत म्हटलं. बांधापर्यंत गेलेला ग्लासगो थांबला. त्याचे गुडघेच थांबले म्हणा. त्या गाण्याला बसायचं, हे त्याच्या गुडघ्यांनाही पाठ होतं. तो बसला आणि ओशाळून म्हणाला, "पेंगू दे तिला..." मग ब्रिस्टल बसला. मग बाकीचे. जूबा उभीच.

"गा," ती म्हणाली. "बघू किती गातोस."

आता गंमत अशी, की त्या गाण्याचा शेवट कुणीच ऐकला नव्हता. बावीस वर्षांत दोन-तीन कडवी झाली की बुशा यायचा आणि बकरी सुटायची. कबेनालाही शेवट ठाऊक नव्हता. कधी तिथवर पोचलाच नव्हता. तो गात गेला. मांजरानं मासा नेला, पेंगू दे तिला. पोपटानं झाकण उघडलं, पेंगू दे तिला. छपरातून पाऊस आला, हंडीत बेडूक आला, दारात गव्हर्नरचा घोडा आला आणि आजीचे पाय हुंगून गेला. लोक हसायला लागले. मिंबानं परात फिरवली. लोक पडल्या पडल्या मासा खाऊ लागले. ब्रिस्टल चक्क घोरला. ऊन कललं. कबेनानं एकदाही टोपलीकडं पाहिलं नाही, पण गाताना त्याचे हात मातीत रुतलेले होते, हे जूबाच्या नजरेतून सुटलं नाही.

शेवटी त्याची कडवी संपली.

"मग?" जूबा म्हणाली.

"मग... आजी उठली."

"कुणी उठवलं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही कसं? उठली कशी?"

"झोप झाली तिची!" ब्रिस्टल डोळे चोळत म्हणाला, आणि सगळी टेकडी हसली.

जूबा नाही हसली. तिनं कबेनाकडं बघून घेतलं, कुदळ खांद्यावरून उतरवली, ओळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता मी गाते. आणि तू, कबेना, तोंडातून हूं जरी काढलंस तर मी घरी जाईन. मिंबा, याला बॅमी दे. मोठी दे."

बाई गाणं पुढं नेते हे कुणी ऐकलं नव्हतं, पण जूबाला नको कोण म्हणणार? तिनं आजीचंच गाणं धरलं, उठलेल्या आजीचं. आजीनं चूल पेटवली, आजीनं मांजर हाकललं, आजीनं घोड्याला लगाम घातला आणि बाजाराला निघाली. ताल ना बकरीचा ना पेंगायचा, चालत्या माणसाचा. ढीग होईल तशी मिंबा एकेक डोकं त्यात ठेवत जायची. कबेना दगड वेचत होता, पाणी आणत होता, आणि दोन्ही गालांत बॅमी धरून डोळे पुसत होता. लोकांना वाटलं माती गेली.

एकशे वीसमधली एकशे तेरा डोकी धरली. पुढच्या खेपेला त्यानं जूबाच्या शेतात पहिली दहा लावून दिली. आता सगळ्या बाजारात 'आलोच-कीचं पिवळं' म्हणून मागतात, आणि सातजण सात जागी सांगतात की ते मूळ आमच्याकडचं. ते असो. बुशाचं सांगायचं राहिलंच की.

त्या दिवशी शेवटचे पाच-सहा ढीग उरले असताना खालच्या वाटेवर खरोखरच खेचर वाजलं. सोमवारी उसाला माणसं हवी होती, कुणी येईना, म्हणून बुशा स्वतः चढ चढून विचारायला आला होता. टापा ऐकू आल्या तशा पंचवीसही माना जरा आखडल्या. जूबानं गाणं तोडलं नाही. ओळ संपवली, कुदळ रोवली, कपाळ पुसलं, कबेनाच्या हातातली घागर घेतली आणि बुशाकडं बघत सावकाश पोटभर पाणी प्यायली. मग बाकीचेही प्यायले, एकेक करून.

बुशा खेचरावरून ढीग बघत राहिला. ओळीच्या ओळी, तांबडे, गुडघाभर, दगडांतून उठवलेले. त्यानं हॅट मागं सारली.

"हीच माणसं माझ्याकडं होती," तो म्हणाला. "एका दिवसात असं काम मी यांच्याकडून कधी पाहिलं नाही. मागं आसूडवाला दिसत नाही, कोणी मुकादम दिसत नाही. तू यांना हाकललंस तरी कशानं, कबेना?"

कबेनानं जूबाकडं बघितलं. तिनं मान हलवली, बोल म्हणून. त्यानं बॅमीचा उरलेला घास शांतपणे चावला, गिळला, आणि म्हणाला,

"हाकलायचं कशाला, बुशा? मी नुसतं बसा म्हणालो. उठली ती आपापली."